ताईच्या दफनातलं आमेन

प्रिय आईस,
लेकाचा सप्रेम सलाम.

बेकरीतलं काम बरं चाललंय. भट्टीमुळे खोलीही उबदार राहते. तुझा गुडघा काय म्हणतो?

आई, मी चर्चला जाणं सोडलंय. ताईच्या दफनात पाळकसाहेब म्हणाले, “देवाला आवडली, म्हणून नेली.” सगळ्यांनी आमेन म्हटलं. तू एकटीच ओठ घट्ट मिटून उभी होतीस. घरी आल्यावर म्हणालीस, “पटत नाही, त्याला आमेन म्हणायचं नाही.”

तेव्हापासून मला एकेक गोष्ट पटेनाशी झाली. तुझा विश्वास मात्र तरीही टिकला. केवढी गं तू खंबीर!

आता माझ्यासाठी गुडघे टेकशील. टेकू नकोस, खुर्चीत बसूनच देवाकडे माझं भलं माग. तुझ्या त्या एका प्रार्थनेला मी इथून मनापासून आमेन म्हणेन.

तुझंच,
शेंडेफळ