पाचवं मत

रविवार, १२ फेब्रुवारी
हॉस्टेल

प्रिय बाबा,

तुम्हाला आणि आईला नमस्कार. मी मजेत आहे. गुडघा पूर्ण बरा झालाय, नवे बूटही पायाला छान बसलेत. फोनवर तुम्ही मला बोलूच देत नाही, म्हणून हे पत्र.

काल शेजारच्या विद्यापीठाशी स्पर्धा झाली. आठशे मीटरला मी पहिली! शिडी दुसरी. शिडी म्हणजे आमची नवी कॅप्टन. उंची बघाल तर नाव का पडलं ते कळेल. शेवटच्या वळणापर्यंत खांद्याला खांदा लावून पळत होतो, रेषेवर छाती पुढे काढून जिंकले. धापा टाकत म्हणाली, "पुढच्या वेळी बघतेच तुला!" आणि दुपारी रिलेचा शेवटचा टप्पा मलाच दिला. बॅटन माझ्या हातात आलं तेव्हा आमचा संघ चौथा होता, दुसरा आला. कुंपणापाशी ओरडून ओरडून तिचा घसा पार बसलाय. आज सकाळी मेसमध्ये खुणा करून चहा मागत होती. आम्ही मुद्दाम कळत नाही असं दाखवलं.

आता मुद्द्याचं. आई म्हणाली, माझ्यावर अन्याय झाला म्हणून तुम्ही क्रीडाप्रमुखांना अर्ज लिहिलाय. बाबा, तो पाठवू नका. सरांनी कसलाही पक्षपात केलेला नाही. आम्ही नऊ जणींनी चिठ्ठ्या टाकल्या. शिडीला पाच, मला चार. एका मताने कॅप्टनपद गेलं, हे तुम्हाला सांगितलं होतं. ते मत कोणाचं, हे नव्हतं सांगितलं.

माझं होतं.

थांबा, चिडू नका, पुढे वाचा. मतदानाच्या आदल्या आठवड्यात सर आम्हाला टेकडीवर पळवत होते. आमच्यातली सगळ्यात नवी मुलगी, पिल्लू, अर्ध्या चढावर ओकली आणि खालीच बसली. मी तिच्या शेजारून तशीच पुढे गेले. थांबावं असं मनातसुद्धा आलं नाही, नजर घड्याळावर. वर पोचले तर आजवरची माझी सगळ्यात चांगली वेळ! पण टाळी द्यायला कोणीच नाही. खाली बघते तर शिडी पिल्लूचा हात धरून चढतेय, आणि रडवेली पिल्लू चक्क हसतेय.

चिठ्ठी हातात आली तेव्हा स्वतःचंच नाव लिहायचं ठरलेलं होतं. पेन टेकवलं आणि दुसरंच लिहिलं गेलं. नंतर दोन दिवस उशी बडवली, खोटं कशाला सांगू? पण काल तिचा तो फाटका आवाज ऐकत पळताना वाटलं, बरोबर केलं आपण.

तेव्हा अर्ज फाडा आणि पुढच्या महिन्यात अंतिम फेरीला दोघंही या. शिडीच्या घरचं कधी कोणी येत नाही. तिच्या नावानेही तुमच्या त्या पहाडी आवाजात ओरडा.

आठशेला मात्र नाही हं. तिथे फक्त माझ्या नावाने.

तुमचीच,
तुमच्याइतकीच हट्टी लेक