घारापुरीचा शनिवार

६ जानेवारी १९६२, शनिवार
मोरा बंदरातून होडीने घारापुरी बेटावर. सहलीला आलेल्या प्रत्येकाला एकच प्रश्न — माकडांना खायला दिलंत का? सगळे म्हणाले, छे! आणि मागे माकडं त्यांचीच केळी सोलतायत! शेवटी चहावाल्या यशोदाबाईंनी सांगितलं, "आवो बाय, आज शनवार, मारुतीचा वार. खायाला कोन देतंय? यो निवद हाय!"
प्रबंधाचं पहिलं प्रकरण तिथेच झोपलं.

८ जानेवारी
प्राणिशास्त्राचे विभागप्रमुख टिपणीस सर भडकले. "सहली आणि माकडं? हा काय पीएच.डी.चा विषय? उद्या भेळ खाण्यावर कराल!" मी म्हटलं, सर, माकडं चोर नाहीत, चटक आपण लावतो, तेवढंच सिद्ध करायचंय. "खाऊ घालतात ते अडाणी," म्हणे. शनिवारी स्वतः बघायला येणार. पटलं तर विषय मंजूर, नाहीतर जन्मभर बेडूक फाडा.

९ जानेवारी
बेडूक नकोत. नकोत!

१३ जानेवारी, शनिवार
हसून पोट दुखतंय. सर पायऱ्या चढले, माकड दिसलं, चपला काढल्या, हात जोडले — आणि खिशातून चणेफुटाणे!
"सर, खायला देताय?"
"छे हो! आज शनिवार ना. हा नैवेद्य."
माकडाने नैवेद्य खाल्ला आणि सरांची काळी टोपी पळवली. झाडावर बसून घातलीसुद्धा. खरं सांगायचं तर सरांपेक्षा त्याला बरी दिसत होती! यशोदाबाईंनी केळं दाखवलं तेव्हा टोपी खाली आली. ओली.
परतताना होडीत सर माझ्याकडे पाठ करून टोपी पिळत बसले. संपलं. बेडूक.

२७ जानेवारी
मंजूर!! "तुमचं म्हणणं पटलं," सर म्हणाले, "फक्त टोपीचा उल्लेख नको." म्हातारा वाटतो तितका वाईट नाही. पेढे वाटले, त्यांना दोन दिले.

३१ जानेवारी, बुधवार
बेटावर सामसूम. परवा पिंजरेवाले येऊन माकडं घेऊन गेले. यशोदाबाई म्हणाल्या, "तुमच्या टोपीवाल्या सायबानं अर्ज केलता. पिंजरेवालंच सांगत व्हतं."
एक पिल्लू तेवढं राहिलंय, चहाच्या छपरावर. मी रडले. मग डब्यातली पोळी त्याच्यापुढे धरली.
बुधवार होता. नैवेद्य नव्हे, खायलाच दिलं.