कोटाची दुमड

१० डिसेंबर

ती. स्व. दादास,
बारकीचा शि. सा. न.

वर्षअखेरच्या सुट्ट्या जवळ आल्या. आमच्या वॉर्डात रंगीत दिवे लागलेत, आणि त्या लुकलुकण्याने झोप येत नाही म्हणून पेशंट माझ्या नावाने खडे फोडतात. तू मात्र गप्प. हॉस्पिटलातून वहिनी गेल्याचा फोन आला त्या दिवसापासून तू फोनची वायरच काढून ठेवलीस, म्हणून मला हे कागद काळे करावे लागतात. तिच्याशिवायची ही पहिली सुट्टी. तू शिवणाच्या दुकानात एकटा बसून काय करशील, हाच विचार सारखा डोक्यात असतो.

आमच्याकडे मनाच्या डॉक्टर आहेत. त्या म्हणतात, सगळे आनंदात असतात तेव्हा आपलं दुःख जास्त टोचतं. अशा दिवसांत रोज कुणाचे तरी आभार मानावेत, छोट्याशा गोष्टीसाठी का होईना, पण मनापासून. हसू नकोस, करून बघ. आणि सुट्टीत इकडे ये.

उत्तर आलं नाही तर रुसेन, आणि माझं रुसणं तुला झेपत नाही.

तुझी बारकी

१५ डिसेंबर

चि. बारकीस,
अ. उ. आ.

आभार कशाचे मानू गं? ज्या दुखण्याने तिला आतून पोखरलं त्याचे? की घरी गेल्यावर कुलूप मलाच उघडावं लागतं, याचे? तुझ्या डॉक्टरीणबाईंना म्हणावं, एकदा माझ्या दुकानात येऊन तिच्या रिकाम्या स्टुलासमोर बसून दाखवा.

चिडलो, सोड. तू पहिल्यापासूनच हट्टी, तेव्हा तुझं ऐकतोय. काल बटणवाल्याचे आभार मानले. त्याला वाटलं, मी पिऊन आलोय.

शेजारच्या काकू नातीचा कोट घेऊन आल्या होत्या. गेल्या हिवाळ्यात तुझ्या वहिनीने उशीला टेकून हातशिलाई केली, तोच. तिचं शेवटचं काम. पोरगी उंच झाली, खालची दुमड उसवून कोट लांब करून द्या म्हणाल्या. मी बघितलंसुद्धा नाही, आत कापडच नाही म्हणून मोकळा झालो. तिचे टाके माझ्या हाताने उसवू? नाही जमायचं. काकू कोट टेबलावर ठेवूनच गेल्या.

तिकडे येणं होणार नाही. तू सुखात राहा, आहेस तशीच भांडत राहा.

तुझा दादा

२१ डिसेंबर

दादा,

नमस्कार-बिमस्कार नंतर. काकूंचा फोन आला. तू गल्लीत दारोदार जाऊन सगळ्यांचे आभार मानतोयस. लोकांना कौतुक वाटलं, काकूंना नाही. कारण तू घरातल्या फुलझाडांच्या कुंड्या वाटून टाकल्यास, आणि नात शिवण शिकेल म्हणून तुझी मोठी कात्री त्यांना देऊन टाकलीस. ती कात्री तू मला कधी हात लावू दिली नाहीस!

मी तुला आभार मानायला सांगितलं होतं, निरोप घ्यायला नव्हे. सरळ विचारते. तू जिवाचं काही बरंवाईट करायचं ठरवलंयस का? खरं सांग, मी रागावणार नाही. रजा मिळाली की लगेच निघते. तोवर काकू तुझ्यासमोर बसून राहणार आहेत, त्यांना हाकलू नकोस.

हे पत्र बसच्या कंडक्टरच्या हाती देतेय, उत्तर त्याच्याबरोबरच पाठव. आई गेली, बाबा गेले, वहिनी गेली. मला बारकी म्हणणारा आता तूच एक उरलायस रे.

बारकी

२२ डिसेंबर

चि. बारकीस,
अ. उ. आ.

कंडक्टर दारात थांबलाय. हो, ठरवलं होतं. सुट्ट्या लागायच्या आत, गुपचूप. सगळ्यांचे आभार मानून झाले की आपण मोकळे, असं वाटायला लागलं होतं. यात तुझी काही चूक नाही. ते खूळ तुझ्या पत्राच्या आधीपासून डोक्यात होतं.

काल काकू तिच्या स्टुलावर ठाण मांडून बसल्या आणि कोटाची भुणभुण लावली. शेवटी वैतागून म्हटलं, थांबा, कापड नाही ते दाखवतोच. तर कात्री त्यांच्याच घरी! मीच दिलेली कात्री मागायला मी त्यांच्या दारात उभा.

दुमड उसवली. आत भरपूर कापड निघालं. पुढचा हिवाळा आपल्याला दिसणार नाही, हे तिला ठाऊक होतं गं. तरी पोरगी वाढेल म्हणून तिने सोय करून ठेवली. मी ढसाढसा रडलो. काकूंसमोरच मोठ्याने तिचे आभार मानले. बरं वाटलं असं काही नाही. ती हवी होती, एवढंच वाटलं.

तू ये. फोनची वायर जोडलीय. तुझ्या डॉक्टरीणबाईंकडेही येतो. काल दुकान बंद केल्यावर काकू कात्री आपल्या घरी घेऊन गेल्या आणि आज सकाळी आणून दिली, आता रोज असंच करणार म्हणाल्या. मीही ती आपणहून त्यांच्या हाती दिली.

कोट लांब झाला, पण सगळं कापड लागलं नाही. तिने आत आणखी एक घडी घालून ठेवलीय, पुढच्या वर्षीसाठी. ती उसवायलाही तुम्हीच लागाल, असं काकूंनी बजावलंय. मी हो म्हटलंय.

माया तोडू नकोस.

तुझा दादा