निमाच्या तळहातावरची गोळी

अकोला, मंगळवार, संध्याकाळ

बाळापूरची निमा, कॉन्व्हेंटमध्ये माझ्या बाकावर बसायची. मधुमेहातून तिला अर्धांगवायूचा झटका येऊन गेला आणि आता ती माझ्याच संशोधनात पेशंट आहे. दुसरा झटका टळावा म्हणून निम्म्यांना नवी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली. कुणाला कोणती, हे मलाही कळू नये, हा नियम माझाच.

आज तळहातावर गोळी धरून तिने विचारलं, "खरं सांग वं, मले खरी देऊन राहिली का खोटी?"

"मलाच माहीत नाही गं."

ती अर्ध्याच ओठांनी हसली. "शाळेतबी पेपर झाकूनच लिवे तू."

ती गोळी डोळ्यांपुढून जात नाही. कुणाला कोणती गोळी, याची मोहोरबंद यादी उघडली तर सगळ्यांचं काम फुकट. नाही उघडली तर निमा...

शाळेत निदान मला उत्तर येत होतं.