आडव्या वाऱ्यात अशू

११ मे, धारूर
दुपारी अंगणात मंडपाच्या कनाती वाळत टाकल्या होत्या. त्यांच्यातून वाट काढत अशू आली. पाठीला पिशवी. न कळवता. विमानाच्या शाळेला ह्या दिवसांत सुट्टी नसते, एवढं मला ठाऊक. सौ.नं पाणी दिलं. मी काही विचारलं नाही, आवाज तेवढा ऐकला. "कंटाळा आला म्हणून आले पप्पा." लेकीचा आवाज आईवर गेलाय, भरदार. आज पातळ लागला. काहीतरी झालंय. सांगेल.

१२ मे
सांगितलं. चहाच्या बशीकडं बघत. आडवं वारं असताना उतरत होती, विमान जोरात आदळलं. शेजारी शिकवणाऱ्या मॅडम होत्या म्हणून सावरलं. दोघींना खरचटलंसुद्धा नाही, पण विमानाचं पुढचं चाक वाकलं. आता आडव्या वाऱ्यात मॅडमसमोर नीट उतरून दाखवेपर्यंत एकटीला उडवू देणार नाहीत. आणि अशू म्हणते, परत जायचंच नाही.
"मग काय करणार?"
"मंडप बघीन तुमचा."
मी हसलो. ती नाही.
सौ. आतून: "बरं झालं. जमिनीवर ऱ्हा."
चार खुर्च्या भाड्यानं देत देत हा मंडपाचा धंदा उभा केला. मंडप बघणारा माणूस मला उद्या सकाळी मिळेल. विमान उतरवणारी लेक कुठून आणू? हे बोललो नाही. लिहून ठेवतो.

१४ मे
अंबाजोगाईचा मेव्हणा आला. हातात आंब्याची पेटी, तोंडात सोयरीक. "दाजी, पोरीला वर पाठवलं ते चांगलंच केलं. फक्त खाली उतरायचं शिकवायचं राहिलं की!" सगळे हसले. अशूपण, पण जरा मागून. सगळ्यांचं हसू संपल्यावर तिचं आलं.
पुढं म्हणाला, "पोरगा तलाठी हाय. दोनी पाय जमिनीवर."
"जमिनीवर का जमिनीच्या उताऱ्यावर?" मी विचारलं. मेव्हण्यानं पेटीतला आंबा उचलला.
जून लागल्यावर सांगतो म्हणून वाटेला लावला. सौ. नाराज. तिला पोरगं पसंत आहे. खरं तर तिला भीती वाटते. मला वाटत नाही असं नाही.

१५ मे
आज धडा झाला. मीच म्हणालो, मला समजंल असं सांग, आडवं वारं म्हणजे नेमकं काय. गोडाऊनमध्ये जेवणाचं लांब टेबल टाकलं, ती धावपट्टी. अशूचा पंजा म्हणजे विमान. वाऱ्याला आपला लग्नातला मोठा पंखा, टेबलाच्या बाजूला. तो चालवायला रशीद. रशीद माझ्याकडं पहिल्यापासून आहे, लाइटिंग, दोऱ्या, सगळं त्याच्याकडं.
"बेटी, हवा किदर से छोडूं?"
"बाजूने, चाचा. आडवी."
तर असं आहे. नाक सरळ धरून आलं की वारं विमानाला पट्टीवरून ढकलून शेतात नेतं. म्हणून नाक थोडं वाऱ्याकडं वळवायचं आणि तिरपंच यायचं, खेकडा चालतो तसं. टेकायच्या अगदी आधी दोन कामं, दोन्ही एकदम. पायानं नाक सरळ करायचं. हातानं वाऱ्याकडचा पंख खाली घालायचा. मग वाऱ्याकडचं चाक आधी टेकतं, मग दुसरं, शेवटी नाकाखालचं.
"एका चाकावर उतरायचं?"
"तेच बरोबर उतरणं, पप्पा."
रशीद: "एक चक्के पे तो अपना टेम्पो बी नै उतरता."
आणि टेकलं तरी मोकळं नाही. हात वाऱ्याकडं आणखी वळवतच न्यायचा, विमान थांबेपर्यंत. वारं कमीजास्त होतं, त्याच्याबरोबर हातपाय सारखे हलते पाहिजेत.
हिचं बिघडतं कुठं? पाय चालतो, हात गोठतो. नाक सरळ होतं, पंख खाली जात नाही. मग वारं विमानाला बाजूला सरकवतं आणि ते आडवंच आदळतं. हे सांगताना तिचा पंजा टेबलाच्या कडेवर आपटला. लागलं असणार. रशीदनं पंखा बंद केला.

१७ मे
विमानात बारका कॅमेरा असतो, उतरतानाचं सगळं भरून ठेवतो. अशूच्या फोनमध्ये ते आहे. मागितलं. "काय बघणार तुमी त्यात?" बघायचं नव्हतंच, ऐकायचं होतं. गाडीत काचा वर करून, डोळे मिटून ऐकलं. खाली येताना ती स्वतःशी बोलत असते: वेग, उंची, मधली रेघ. छान आवाज. जमीन जवळ आली की बोलणं बंद. मग मॅडम: "हाथ चलाओ! हाथ!" मग ढप्प.
मोठ्या शहाणपणानं जाऊन सांगितलं, बाई, तू शेवटाला गप्प होतीस.
"पहिल्या दिवसापासून मॅडम हेच सांगतायत, पप्पा."
झालं. आमची अक्कल संपली.
पण परत ऐकलं. गप्प नाही ती. इंजिनाच्या आवाजाखाली अगदी बारीक काहीतरी आहे. "धर. धर धर धर." दुसऱ्या वेळच्या उतरण्यातही तेच. विचारलं, हे काय म्हणतेस? तिला पत्ताच नाही. "मी? न्हाई हो."
हे कुठून आलं? माझ्या ओळखीचं वाटतंय.

२० मे, धर्मापुरीहून परतल्यावर
हात दुखतोय, तरी लिहितो.
धर्मापुरीत लग्न होतं, आपला मंडप. अशू बरोबर आली, घरी बसून काय करणार म्हणाली. पंगत बसली आणि वावधान सुटलं, सोसाट्याचं वारं. आमच्या धंद्यात एकच आरोळी: खांब धरा! जो जिथं असेल त्यानं जवळच्या खांबाला लटकायचं, अंगाचं वजन द्यायचं, वारं जाईपर्यंत हलायचं नाही. अशू हे चालायला लागल्यापासून बघते. कमरेएवढी असल्यापासून खांब धरते, तेव्हा पाव्हणे कौतुक करायचे.
आजही धावली. वाऱ्याकडचा कोपऱ्यातला खांब धरला. वरच्या कापडात वारं भरलं आणि खांब तिच्यासकट उचलला. पाय सुटले जमिनीवरून. मी ओरडलो, सोड! सोडेना. गेलो जवळ. डोळे मिटलेले, आणि ओठ हलतायत. धर धर धर.
ते 'धर' माझं आहे. सुरात सूर. मीच असा ओरडतो.
बोटं उकलून काढावी लागली. तिला ओढली तोवर रशीदनं त्या बाजूच्या दोऱ्या कापल्या. कापड सरकत गेलं ते वरपक्षाच्या पंगतीवर. बुंदी, वरण, फेटे, सगळं लाल कापडाखाली. आतून एक म्हातारा ओरडतोय, "आरं, लाइट कावून घालवली बे!"
नवरदेवाचा बाप लई बोलला. मंडप सोडा म्हणून ओरडणारा मंडपवाला त्यानं पहिल्यांदाच पाहिला. खरंय. मीपण.
बरं, कुणाला काही झालं नाही. भाडं सोडून दिलं. धर्मापुरीत परत बोलावतील असं वाटत नाही.

२१ मे
काल लिहायचं राहिलं ते येतानाचं. घाट चढताना अशू म्हणाली, "पप्पा, मी तिथं हेच करते."
"काय?"
"वारं लागलं की खांब धरते."
मी गाडी बाजूला घेतली. शाळेला गेली तेव्हापासून रोज फोनवर मी शेवटी काय म्हणतो? खांब सोडू नको, अशू. धीर द्यायला म्हणायचो. आमच्याकडं ते शाबासकीचं बोलणं आहे. विमानात धरून बसायला खांबच नाही, हे माझ्या कधी डोक्यात आलं नाही.
तिला म्हणालो, मग आता?
"आता म्हायती तरी झालं."
आवाज थोडा जाड.

२३ मे
गेली. सकाळच्या एसटीनं. मी सोडायला येतो म्हणालो तर नको. एक अट घालून गेली: मॅडमसमोरची तपासणी होईपर्यंत फोन करायचा नाही. ती करील तेव्हा करील. आईनं डोळे पुसत कबूल केलं. मग अशूनं माझ्याकडं बघितलं.
"मीबी न्हाई करणार," म्हणालो.
"तुमचं खरं न्हाई."
"रशीदला विचार, मी कधी शब्द..."
रशीद: "मेरेकू बीच में नक्को लेव भाऊ."
बस सुटताना काहीतरी म्हणायची सवय. तोंड उघडलं, मिटलं. नुसता हात केला.

२७ मे
मला फोन नाही. आपणही केला नाही. दोनदा नंबर काढून बघितला, ते फोनात धरायचं नाही.
काल आईला दोन मिनिटं बोलली म्हणे. तिकडं वारं पट्टीच्या सरळ रेषेत आहे, नाहीतर पडलेलं. आडवं असल्याशिवाय तपासणी होत नाही. रोज तयार होऊन बसते आणि परत येते.
इकडं रोज मंडप. वारं पडू दे म्हणून सगळे मंडपवाले देवाला हात जोडतात. मी आज मनात उलटं मागितलं आणि लगेच चार खुंट्या जास्त ठोकायला सांगितल्या. पोरं म्हणाली, शेठ, वारं कुठंय? म्हणालो, ठोका.

३० मे
मेव्हण्याचा फोन. तलाठ्याकडचे विचारतायत. सौ. दारात उभी राहून ऐकत होती. म्हणालो, थांबायला सांगा. "कुठवर?" वारं सुटेपर्यंत, म्हणालो. त्याला वाटलं मी थट्टा करतोय.
नंतर सौ. जवळ येऊन बसली. "ती पडली तर?" एवढंच. पडली म्हणजे नापास का पडली म्हणजे पडली, हे मी विचारलं नाही. दोन्ही असणार. म्हणालो, मॅडम शेजारी असतात. तिनं मान हलवली, पण उठली नाही.

२ जून
गेलो होतो. फोन करायचा नाही असं ठरलं होतं, जायचं नाही असं कुणी म्हणालं नव्हतं. शाळेच्या गावात कनातीचं कापड बघायचं निमित्त होतं. सौ.ला तेच सांगून निघालो. तिनं डब्यात अशूच्या आवडीची तिळाची चटणी भरून दिली, म्हणजे तिला सगळं कळलं.
शाळेच्या कुंपणाबाहेर कच्ची वाट आहे, तिथं गाडी लावली. शेजारी एक मेंढपाळ, त्याची मेंढरं. पट्टीच्या कडेला काठीवर वाऱ्याची कापडी पिशवी असते. आज ती ताठ, आडवी. शिवण चांगली होती.
पांढरं विमान आलं. एवढंसं. ते अशूचंच हे मला कसं कळलं, सांगता येत नाही. पट्टी समोर आणि ह्याचं नाक माझ्याकडं, तिरपं. टेबलावर दाखवलं होतं तसंच. जमिनीजवळ नाक सरळ झालं. वाऱ्याकडचा पंख खाली गेला. गेला! हात चालला. तेवढ्यात झोत आला, पंख हलला, आणि इंजिन एकदम मोठ्यानं उठलं. विमान न टेकताच वर.
मेंढपाळ म्हणाला, "ब्रेक लागला न्हाई का हो?"
परत फेरी मारून आली. आता एक चाक टेकलं, मी डोळ्यानं पाहिलं, एकच. दुसरं टेकायच्या आत परत झोत. परत इंजिन, परत वर.
तिसऱ्यांदा उतरलं ते पुढं, शेडच्या पलीकडं. चाकं दिसली नाहीत. कान लावले, तर नेमकी मेंढरं ओरडायला लागली.
आत जाऊन विचारावं असं लई वाटलं. डबा सीटवर तसाच. थोडा वेळ बसलो आणि गाडी वळवली.

संध्याकाळी तिचा फोन. आईला. आईनं आवाज मोठा करून पाटावर ठेवला.
"पास का नापास, ते सांग आधी."
"कायच न्हाई आई. दोनदा वर गेले. तिसऱ्यांदा नीट उतरले, पण मॅडम म्हणाल्या तेवढ्यात वारं पडलं होतं, हे धरायचं न्हाई. उद्या परत."
"वर कावून गेलीस? मॅडमनी सांगितलं का?"
"न्हाई. मीच. झोत आला, उतरणं बरोबर होईना, मग सोडलं आणि वर गेले. मॅडम हात बांधून बसल्या होत्या."
मी आवाज ऐकत होतो. थकलेला. पण जाड. आईचा.
मग म्हणाली, "पप्पा हायत का तिथं?"
"हाय, बोल."
"कापड मिळालं का?"
सौ.कडं पाहिलं. ती भाजी निवडतेय, मान खाली.
"मिळालं की. बरं हाय कापड."
"पप्पा, आपल्या गाडीवर लाल-पिवळ्या पट्ट्याचं कापड हाय. अख्ख्या तालुक्यात तसं दुसरं न्हाई. वरून लई लांबून दिसतं."
मी दारातून गाडीकडं पाहिलं.
"उद्या येऊ नका. ती गाडी दिसली की नजर तिकडं जाते."
"बरं."
"खरंच बरं?"
"जेवलीस का?" म्हणालो. हसली. ह्या वेळी मागून नाही, पहिल्या झटक्यात.
फोन ठेवल्यावर सौ. विचारते, पहाटे जाणार का?
ठरलं नाही अजून. गाडीवरचं कापड तेवढं उतरवून ठेवलंय.