स्टिकरखालची खूण

सोलापूर
४ फेब्रुवारी २०२४

ती. चंद्रव्वा अक्कास,
मुत्तूचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला आताशा ऐकू येत नाही आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही, म्हणून लिहितो. दाजींनाही इतक्यात सांगू नकोस.

मस्कतच्या मामांनी मी दहा वर्षांचा असताना आणलेली रिमोटची बग्गी तुला आठवतेच. तिची वरची बॉडी काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकची, रंग आतून दिलेला. तो नारिंगी रंग आप्पांनी गिरणीतून आल्यावर माझ्याशेजारी बसून दिला होता. पुढच्याच वर्षी ते गेले. अलीकडे त्या रंगाचे पोपडे निघायला लागले, म्हणून मन घट्ट करून ती सात रस्त्याला तौहीदभाईंच्या दुकानात दिली. ते नंबरप्लेटा आणि बोर्ड रंगवतात, शिवाय आपल्या श्रीशैलदादाचे वर्गमित्र, म्हणून विश्वासाने. जुना रंग काढायचा, तडे सांधायचे, मागची चाकं रुंद बसवायची आहेत तेवढ्यापुरत्या चाकांवरच्या कमानी कापायच्या आणि पुन्हा तसाच नारिंगी द्यायचा, असं ठरलं.

आता तुला कधीच न सांगितलेली गोष्ट सांगतो. रंग दिल्यावर आप्पांनी कर्कटकाच्या टोकाने टपावर ‘मुत्तू’ असं कोरलं होतं आणि त्यावर सात नंबरचं स्टिकर चिकटवलं होतं. कधी चोरीला गेली तर आपली ओळखू येईल, असं म्हणाले होते. ते आम्हा दोघांतच होतं. काल तौहीदभाईंनी माझ्यासमोर स्टिकर काढलं. खाली काहीच नव्हतं. साधा ओरखडासुद्धा नाही. मी विचारलं, तर मान खाली घालून म्हणाले की तू दिलीस तीच ही. पुढे एक शब्द नाही.

अशा जुन्या बॉडीवर टपून बसलेले शौकीन पुण्यात पुष्कळ आहेत. बाकी तू समजून घे.

लोभ आहेच, तो तसाच राहू दे.
तुझा,
मृत्युंजय


मंद्रूप
९ फेब्रुवारी

चि. मुत्तूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. वाचून जीव घाबरा झाला. असं एकदम कुणाला चोर ठरवू नये रे. पस्तीस वर्षांत खूण पुसली असेल की. प्लास्टिकच ते. तौहीदचं आपल्या घरात जेवणखाण झालंय. श्रीशैल गेला तेव्हा तो तीन दिवस दुकान बंद ठेवून आपल्याकडे होता, हे विसरू नकोस.

तो आणखी काही बोलला का? म्हणजे श्रीशैलविषयी, जुनं काही? बोलला असला तर मला कळव.

हितं ज्वारीची काढणी चालू आहे. दाजींचा गुडघा दुखतोय, तरी रानात जातातच. हुरड्याला ये म्हटलं होतं, आला नाहीस. ती बॉडी आहे तशी घरी आण आणि विषय संपव. तौहीद काही बोलला तर तेवढं मात्र कळव.

पत्राची वाट बघते, माया कमी करू नकोस.
तुझी,
अक्का


सोलापूर
१९ फेब्रुवारी

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

कोरलेली अक्षरं पुसली जात नाहीत, अक्का. मी भिंग लावून पाहिलं.

होम मैदानावर रविवारी गाड्या पळवणाऱ्या आम्हा लोकांचा मोबाइलवर ग्रुप आहे. त्यात पुण्याच्या एकाने अगदी तशाच नारिंगी बॉडीचा फोटो टाकला होता. मला राहवलं नाही. तौहीदभाईंचं नाव घेऊन मी लिहिलं की यांच्याकडे दिलेला माल बदलून मिळतो. त्याच दिवशी चौघांनी आपापल्या गाड्या त्यांच्या दुकानातून उचलल्या. एका शाळेच्या बसगाड्यांवर नावं घालायचं कामही गेलं म्हणतात. परवा फिरदोसभाभी, त्यांच्या मिसेस, भाजी घेताना समोर आल्या आणि मला बघून वाट बदलून गेल्या. तौहीदभाईंनी मात्र ग्रुपवर खुलासा केला नाही की मला फोन केला नाही. खरा माणूस असा गप्प बसेल का?

आणि आता तुलाही विचारतो, राग मानू नकोस. तौहीद काही बोलला का, हे तू एका पत्रात दोनदा का विचारलंस? त्याने काय बोलू नये असं तुला वाटतंय? तुम्हा दोघांना माहीत आहे आणि मला नाही, असं काहीतरी आहे. माझ्याच वस्तूबद्दल माझ्याच बहिणीवर संशय घ्यायची वेळ आली, यापरतं काय सांगू!

उत्तर टाळू नकोस, एवढंच मागणं.
मृत्युंजय


मंद्रूप
२३ फेब्रुवारी

चि. मुत्तूस,
अ. उ. आ.

पत्र वाचलं आणि जेवण गेलं नाही. तू चारचौघांत त्याचं नाव घेतलंस, व्हय? आता गप्प बसले तर मलाच पाप लागेल.

तुझी बॉडी तौहीदने बदलली नाही. ती सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांपूर्वीच बदलली आहे.

तू सांगलीला डिप्लोमाला होतास. मी बाळंतपणाला माहेरी आले होते. माळ्यावरची तुझी गाडी धुळीने भरलेली, म्हणून मी बॉडी काढून धुतली आणि वाळायला चुलीच्या वैलावर पालथी घातली. वैल अजून तापलेलाच होता, माझ्या ध्यानात आलं नाही. वळून बघते तर पापडासारखी वाकडीतिकडी झालेली, रंग करपलेला. मी लई रडले. आप्पांच्या हाताची तुझ्याजवळ तेवढीच वस्तू होती. ती मी उकिरड्यात पुरून टाकली. खालच्या खुणेचं आम्हाला ठाऊकच नव्हतं रे.

श्रीशैलने मामांना लिहून दुसरी मागवली, बिनरंगाची. ती त्याने आणि तौहीदने मिळून रंगवली, वर तसंच सात नंबरचं स्टिकरही लावलं. आप्पांचा नारिंगी काही केल्या जुळेना. नऊ वेळा कालवला, आठ वेळा पुसला. शेवटी जमला तेव्हा श्रीशैलने आम्हा दोघांकडून शपथ घेतली. म्हणाला, “मुत्तूला कधीच कळू द्यायचं न्हाय. त्याला वाटू दे की आप्पांचाच रंग हाय.”

तौहीदने एका वाक्यात स्वतःला सोडवून घेतलं असतं. मेलेल्या मित्राला दिलेला शब्द होता, म्हणून तो चोर म्हणवून घेत बसलाय. शपथ आता मी मोडली. श्रीशैल असता तर त्यानेही मोडली असती.

माझ्यावर रागव, पण आधी त्याच्याकडे जा.
तुझी,
अक्का


सोलापूर
११ मार्च

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं त्याच दिवशी ग्रुपवर लिहिलं की मी खोटं बोललो, तौहीदभाईंचा काडीचा दोष नाही. मग दुकानात गेलो. त्या चौघांतले दोघे माझ्याबरोबर होते, त्यांच्यासमोर पाया पडायला वाकलो. तौहीदभाईंनी मला वाकू दिलं नाही आणि बसही म्हणाले नाहीत. रिक्षाची नंबरप्लेट पुरी होईपर्यंत मी उभा होतो. मग ब्रश पुसत म्हणाले, “तू मला चोर म्हणालास, ते मी सोसलं. पण मुत्तू, तू सगळ्या गावाला सांगितलंस आणि मला एकदाच विचारलंस. दुसऱ्यांदा विचारलं असतंस तर कदाचित मी शपथ मोडली असती.”

शाळेचं काम मात्र परत आलं नाही. मुख्याध्यापकांना मी स्वतः भेटून आलो. त्यांनी दुसऱ्याला दिलं होतं. हे नुकसान माझ्या शब्दाने झालं आणि माझ्या शब्दाने भरून आलं नाही. फिरदोसभाभी अजून बोलत नाहीत, तो त्यांचा हक्क आहे.

गेले दोन रविवार मी मैदानावर न जाता दुकानातच बसतो. कमानी कापून झाल्या, कडा घासायचं काम मला मिळालं आहे. काल रंगाचं विचारलं. म्हणाले, आप्पांनी रंगवलेल्या गाडीचा एखादा जुना फोटो असला तर आण, त्याला जुळवून बघतो. मी नको म्हटलं. ज्या रंगाकडे बघून मी इतकी वर्षं आप्पांची आठवण काढली, तो दादाने नऊ वेळा कालवला होता. मला तोच हवा, असं सांगितलं. तौहीदभाईंनी हातातला डबा खाली ठेवला. मग एका जुन्या वहीच्या पानावर दादाच्या अक्षरात लिहिलेलं प्रमाण काढून माझ्यापुढे ठेवलं आणि स्वतः बाजूला सरून म्हणाले की कालव, मी बघतो. पहिल्यांदा फारच लाल झाला. त्यांनी पुसायला फडकं दिलं.

वैलाचं मनाला लावून घेऊ नकोस, अक्का. दाजींना गुडघ्यासाठी इकडे घेऊन ये, डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवतो. आलीस की आपण दोघं सात रस्त्याला जाऊ.

चुकलेल्या भावावर तुझी माया असू दे.
तुझा,
मुत्तू