दोन बोटं फोम

चि. ईरा,
नानाचा आशीर्वाद.

काल तू आमच्या सीटच्या दुकानासमोर मोटारसायकल थांबवून ओरडलीस, "नाना, देखो, दोनों पैर टिक गए! मी उंच झाली!" मी नुसतं "हव" म्हणालो. पोरी, विसाव्या वर्षी कोणी उंच होते का?

मागच्या महिन्यात चौकात पाय टेकला नाही म्हणून तू गाडीसकट पडलीस. तेव्हापासून मले चैन नव्हतं. गाडी सोड म्हटलं असतं तर तू ऐकलं नसतं. म्हणून परवा दुपारी, तू झोपली असताना, मी तुझ्या गाडीची सीट दुकानात नेली, दोन बोटं फोम कापला आणि कव्हर पुन्हा शिवलं. दुकानाचा शेठ हसला, "काकाजी, तुम्ही तर नगामागे पैसे घेऊन काम करता. हा फुकटचा नग कोणाचा?" मी म्हटलं, "घरचा."

तुझा आनंद पाहून काल सांगवलं नाही. आता तुझी आई म्हणते, तू आज तुझ्या मैत्रिणीची, देवश्रीची, उंच गाडी चालवत नवा रायपूरला निघून राहिली. काहून, तर आता पाय टेकतात म्हणून! अगं, तिच्या सीटचा फोम कोणीच कापला नाही.

तुले मराठी वाचायला वेळ लागते, आणि खाली देवश्रीचा हॉर्न वाजून राहिला. चिठ्ठी राहू दे. मीच फाटकात येऊन उभा राहतो. रागावशील तर रागाव.

तुझा,
नाना